टायर बसला

या, जरा जवळ सरकून बसा. पाय मोकळे सोडा, घाई घरी ठेवून या. आज एका चाकाची गोष्ट सांगतो. ऐकून उठाल तेव्हा मन थोडं हलकं झालेलं असेल, एवढा शब्द देतो.

एक दातांचे डॉक्टर होते. खाली दवाखाना, वर घर. देवमाणूस, पण हौशी. आणि हौशी माणसाच्या हातात हत्यार आलं की घरच्यांनी जपून राहावं. त्यांची मुलगी डोंगरातल्या सायकल शर्यतीत उतरायची. मागच्या खेपेला काटा लागून चाक पंक्चर झालं आणि पोरगी सायकल खांद्यावर घेऊन अंतिम रेषेवर पोचली, तेव्हा तिथली माणसं खुर्च्या गोळा करत होती. ती रडली नाही. पण घरी येऊन जेवलीही नाही, आणि बापाच्या काळजात तो काटा रुतून बसला.

पुढची शर्यत तोंडावर आली तेव्हा मुलीच्या मामाने फोनवर उपाय सुचवला. हा मामा परगावी असायचा, आणि सायकल हाच त्याचा जप. तो म्हणाला, चाकातली ट्यूबच काढून टाका. टायरमध्ये पांढरं औषध घाला. काटा घुसला की ते औषध आपोआप भोक बुजवतं. मला विचाराल तर यात परमार्थच आहे: ट्यूब म्हणजे मीपणा, तो काढलात की काटा टोचणार कुणाला? पण डॉक्टरांच्या कानात एकच शब्द शिरला, भोक.

"भोकं बुजवण्यात माझी हयात गेली," ते म्हणाले, "आणि हे काम मी दुकानात देऊ?"

मुलगी एवढंच म्हणाली, "बाबा, शर्यत उद्या आहे. आपलं सांगून ठेवते."

डॉक्टरांनी पुढचं चाक घेतलं आणि बैठक मारली. रिम स्पिरिटने पुसली. तिच्यावर पट्टी अशी चिकटवली, की कुठे सुरकुती नाही. टायर चढवला, औषध सुईविना सिरिंजने व्हॉल्व्हमधून आत सोडलं. बायको दारातून बघत होती. "भूल द्यायची तेवढी राहिली," ती म्हणाली.

मग हातपंप आला. डॉक्टर हवा भरत गेले आणि हवा चारी बाजूंनी निघून जात राहिली. शर्ट पाठीला चिकटला, टायर मात्र रिमवर झोपूनच. शेवटी बायकोने भावाला फोन लावला. तो म्हणाला, पंपाचं काम नव्हे ते, एका झटक्यात हवा घुसली पाहिजे, कंप्रेसर लागतो. डॉक्टरांचा चेहरा उजळला. दवाखान्यात कंप्रेसर होता की. चाक काखोटीला मारून ते जिना उतरले.

दवाखान्यातल्या खुर्चीत त्यांच्या सासूबाई होत्या. दुपारीच नवी कवळी घालून, दातांत कापूस धरायला लावून, मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही असं बजावून जावई चाकासाठी वर गेला होता. म्हातारी सरळमार्गी, बिचारी तोंड मिटून छताकडे बघत पडली होती. जावई सायकलचं चाक घेऊन आलेला पाहिला तेव्हा तिच्या भुवया वर गेल्या. बाकी हूं की चूं नाही.

डॉक्टरांनी नळी जोडली. फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

"फट् फट् आवाज येईल, घाबरू नका," मामा म्हणाला. "टायर बसला की हवा बंद करा."

नळी सुरू झाली. टायर फुगला, फट् फट् असे दोन बार निघाले, आणि चाक टणक झालं.

"बसला?" मामाने विचारलं.

"नाही रे. चांगला ताठ उभा आहे."

"मग द्या अजून हवा."

डॉक्टरांनी दिली. मामाने पुन्हा विचारलं. डॉक्टर म्हणाले, बसायचं नाव नाही, उलट दगडासारखा झालाय. मामा म्हणाला, एखादा टायर असतो हट्टी, द्या अजून.

खुर्चीतून हुंकार आला. मग दुसरा, जास्त मोठा. सासूबाई दोन्ही हात हलवू लागल्या.

"आई, तोंड उघडायचं नाही," डॉक्टर मागे न बघता म्हणाले.

तेव्हा त्या माउलीने कवळी काढून हातात घेतली आणि बोळक्या तोंडाने ओरडली, "जावईबापू, थांबवा ते, तो कधीचाच बसलाय."

तिचा शेवटचा शब्द कुणाला ऐकूच आला नाही. तोफ सुटावी तसा धडाका झाला, टायरने रिम सोडली आणि पांढऱ्या औषधाचा सडा पडला: दिव्यावर, भिंतीवरच्या दातांच्या चित्रावर, सासूबाईंच्या केसांवर, डॉक्टरांच्या चष्म्यावर. टायर जमिनीवर लोळागोळा होऊन पडला.

"आता बसला वाटतं," फोनमधून मामा म्हणाला.

"हो," डॉक्टर चष्म्याआडून चाचपडत म्हणाले, "आता मात्र पुरता बसला."

"अभिनंदन, भावजी."

बघा, आपली मराठी कशी. घसा बसतो, भिंत बसते, धंदा बसतो; जे बसलं ते गेलं. आणि घडी बसते, जम बसतो, चाल बसते. जे बसलं ते साधलं. मामाला टायर रिममध्ये बसायला हवा होता, आणि डॉक्टर तो खाली बसण्याची वाट बघत होते. हे उलगडलं तेव्हा बायको म्हणाली, "दिवसभर लोकांना कवळी बसली का, बसली का विचारता, आणि तुम्हालाच कळू नये?"

मुलगी धावत खाली आली होती. तिने आजीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, भिंतीवरून ओघळणाऱ्या औषधाकडे पाहिलं. बाप मान खाली घालून म्हणाला, दुकान उघडं असेल अजून, घेऊन जा बाळा. तिने टायर उचलून दिव्याखाली फिरवला. कुठे फाटला नव्हता.

"बाबा, औषध उरलंय," ती म्हणाली. "चाक मी धरते. तुम्हीच करा."

मग ठरलं, की यापुढे 'बसला' हा शब्द या खोलीत कुणी काढायचा नाही. नळी सुरू झाली, फट् फट् झालं, आणि आजी, आई, मुलगी तिघी एकसुरात म्हणाल्या, "जमला." डॉक्टरांनी नळी काढली. मागचं चाक तर पहिल्याच दमात जमलं.

दुसऱ्या दिवशी पोरगी पहिली आली नाही, मधेच कुठेतरी आली. पण आली ती सायकलवर बसून, आणि टायरमध्ये काटे इतके, की साळिंदरच वाटावं. वाटेत पंक्चर झालेल्यांनी तिला विचारलं, चाकं कुणाकडून करून घेतलीस? ती म्हणाली, दातांच्या दवाखान्यात.

आता तिथे दाराशी रांग लागते. सुजलेल्या गालांशेजारी चाकं टेकून उभी असतात. सासूबाई नवी कवळी घालून दाराजवळ बसतात आणि येईल त्याला विचारतात, "दात की चाक?" डॉक्टर इतके खुशीत असतात, की दात काढतानाही गुणगुणतात.

तेव्हा मंडळी, आज दिवा मालवण्याआधी हात जोडाल, तेव्हा त्या म्हातारीची आठवण काढा. गप्प राहायला सांगितलेलं असताना वेळेवर तोंड उघडणारं माणूस प्रत्येक घरात एक असू दे, एवढं देवाकडे माझ्यासाठीही मागा.