एक्केचाळिसाव्या तपासणीची मोहीम

शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरी, आषाढमासी, वऱ्हाड प्रांती जो रणसंग्राम जाहला त्याची हकिकत जैसी ऐकिली तैसी, पदरचे काही न घालिता, येथे रुजू करितो.

ते समयी मुलुखाची हालत बिकट. मागले साली बोंडअळीने कपाशी फस्त केली आणि औषधाचे फवारे मारता मारता विषबाधेने कित्येक माणसेच दवाखान्यात दाखल जाहली. मग अमरावती मुक्कामी शेखरराव नामे सरदार, पाच असामींच्या सॉफ्टवेअर कचेरीचे धनी, यांनी मसलत करून एक ॲप सिद्ध केले, की शेतकऱ्याने औषध आणि फवारणीचा पंप सांगावा आणि ॲपने एका पंपात औषध किती घालावे ते सांगावे. ॲपच्या परीक्षेचे काम शाइस्ता बेगम यांजकडे. त्यांनी साठ तपासण्या रचिल्या, पैकी अठ्ठेचाळीस हिरव्या म्हणजे पास, बारा लाल म्हणजे नापास.

अकोले प्रांती भाजी पिकविणाऱ्या दोनशे बायांच्या गटाच्या मुखत्यार सत्यवतीबाई. ॲप प्रथम त्यांनीच वापरावे ऐसा करार होता. परंतु बाईंचे फर्मान आले की, "तपासलं म्हन्ता, तं दाखवा. पाहल्याबिगर आमी पंपात थेंब टाकत नाई."

शेखररावांनी निकालांची फाइल पाठविली, ती बाईंच्या फोनात उघडेना. मग निकालांच्या संकेतस्थळाच्या दरवाजाची किल्ली म्हणून पासवर्ड पाठविला, तो दरवाजाने नामंजूर करून नवा मागितला, त्यात एक मोठे अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह पाहिजे ऐसा हट्ट धरिला. बाईंनी तीन वेळा हल्ला केला, तिन्ही वेळा शिकस्त खाल्ली, आणि चौथे वेळी फोन ओच्यात खोवून वांगी तोडावयास गेल्या.

तेव्हा शाइस्ता बेगमांनी अर्ज केला की खुली लिंक द्यावी. जिच्याजवळ लिंक तिने निकाल पाहावा, किल्ली नको, परंतु बदल कोणास करता येऊ नये, शेतकऱ्यांची नावे आधी काढावी आणि पंधरा दिवसांनी लिंक आपोआप बंद व्हावी. हे ऐकोन शेखरराव हवालदिल जाहले की बारा लाल रेघा दुनियेस दिसतील, आबरू काय राहील? त्यास बेगम बोलिल्या, "सर, लाल हाये हे आपल्याले मालूम हाये. फवारनी ज्या करतीन, त्यायलेच मालूम नको काय?"

सरदारांनी बारा लाल रेघा पुन्हा एकवार मोजून पाहिल्या. मग परवानगी दिधली.

लिंक व्हॉट्सॲपचे मार्गे अकोले प्रांती दाखल जाहली आणि वांग्याच्या बांधावर एका बोटात उघडली. बायांनी फोनास वेढा घातला. बारा लाल रेघांस त्या भ्याल्या नाहीत. परंतु तिसरे प्रहरी कचेरीत सत्यवतीबाईंचा फोन खणाणला.

"पोरी, लाल हाये ते तुमी सोताच सांगतलं, बरं केलं. पन हे एक्केचाळीसवं हिरवं काहून हाये? पाठीवरच्या हातपंपाले तीस मिली? तीस तं पेट्रोलवर चालनाऱ्या पंपाले लागते, हातपंपाले धाच! हे मारलं तं अळी मरन, आन् मारनारीबी."

शाइस्ता बेगमांच्या हातातील चहा तैसाच राहिला. बरोबर उत्तर म्हणून तीस हा आकडा त्यांनी स्वहस्ते लिहिला होता आणि ॲपही तीसच सांगत होते, दोघांची चूक जुळली म्हणोन रेघ हिरवी. तोंड उतरले. तरी दडविले नाही. "काकू, चूक माही हाये," म्हणोन औषधाच्या बाटलीवरचे पत्रक ताडून पाहिले, दहा लिहिले आणि तपासणी पुन्हा चालविली. सर्वांदेखत एक्केचाळिसावी रेघ लाल जाहली.

मग शेखररावांनी जातीने मोर्चा बांधिला. सरदारी बाजूस ठेवोन स्वतः कोड लिहावयास बसले, जेवणाचा डबा तैसाच झाकलेला, दोन दिवस झुंज दिधली. एकेक रेघ फिरत गेली आणि अकोल्याकडून बाया पाहत गेल्या. पार्बताबाई नामे म्हातारी दर रेघेस आरोळी देई, "आखीन एक हिरवी झाली वो!"

आषाढ वद्य पंचमीस साठांपैकी साठ हिरव्या जाहल्या. शेखररावांनी हुकूम काढिला की येथून पुढे प्रत्येक कामाची खुली लिंक वापरणारांस द्यावी, आणि तपासनीसांच्या यादीत शाइस्ता बेगमांखाली सत्यवतीबाईंचे नाव दाखल करावे. तैसे कळविता बाईंचे उत्तर आले ते ऐसे की, "नाव टाकलं तं ठीक. पन मापं ऐकवाची सोय करा, पार्बताबाईले वाचता येत नाई."

ॲप माप बोलून सांगते काय, ही एकसष्टावी तपासणी त्याच दिवशी नोंदली, ती अद्याप लाल आहे, आणि सर्वांस दिसते. बाकी मोहीम फत्ते जाहली, उभय पक्षी कोणी जखमी नाही, हे लिहून मोहर केली.