स्वस्तातलं सॉफ्टवेअर आणि हिरवा केक

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आमच्या कॉम्प्युटरवर एक चौकोन उगवला: 'तुमची मुदत संपली आहे.' बाळ मांडीवर होतं, माझ्या काळजात धस्स झालं. (माझ्या काळजात धस्स व्हायला फार काही लागत नाही. बाळाला सलग दोन शिंका आल्या तरी पुरतं.) पण मुदत संपली होती ती फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरची.

आमचे हे फोटोग्राफर. पुढच्या खोलीत स्टुडिओ, मागच्या खोलीत आम्ही, मध्ये पडदा. आजवर सगळं पोट ओळखपत्राच्या फोटोंवर चाललेलं. पण त्याच आठवड्यात पहिल्यांदा मोठं काम चालून आलं होतं. चौकातल्या बेकरीवाल्याला आपले सगळे केक ऑनलाइन दाखवायचे होते. गिऱ्हाइकाने फोनवर बघायचं आणि मागवायचं. फोटो पसंत पडले तर वर्षभराचं काम आमचं. नाही पडले तर पुन्हा आहेच, 'हनुवटी खाली, डोळे उघडे, हलू नका.'

"तेच सॉफ्टवेअर परत घेऊ," हे म्हणाले. "दर महिन्याला भाडं भरायचं."

"आणि भाडं थकलं तर?"

"तर फोटो उघडायचे नाहीत."

"म्हणजे फोटो आपले आणि कुलूप त्यांचं? त्यापेक्षा घरमालक बरा की हो! तो निदान भांडी तरी नेऊ देतो."

मग शोधाशोध सुरू झाली. एक अगदी फुकट होतं, पण ते प्रत्येक फोटोच्या मधोमध स्वतःचं नाव छापायचं. आधीच दुसऱ्याचं नाव असलेला केक कोण घेईल? दुसरं फोटो झकास सुधारायचं, पण ते ऑनलाइन ठेवायची जागा वेगळी विकत घ्यावी लागत होती. तिसरं मात्र मला बघताक्षणी आवडलं. एकदाच पैसे भरा. फोटो सुधारणारही तेच, ठेवणारही तेच, लोकांना दाखवायला लिंक देणारही तेच. शिवाय घरातले दोन फोन जोडायची सोय. मी सातवी शिकलेली, पण सूचना ओळीवर बोट ठेवून वाचते. शेवटची ओळ होती, 'फोटोत काय आहे ते ओळखून फोटो आपोआप योग्य जागी लावले जातील.'

"हेच घ्या," मी म्हटलं. "या घरात आपणहून आवरणारं कुणीतरी एक असू दे."

"घेतो, घेतो," हे म्हणाले आणि पडद्यामागच्या आईला ऐकू जाईल असं पुढे म्हणाले, "हिची निवड कधी चुकत नाही."

"ते हिने तुला निवडलं तेव्हाच कळलं मला," सासूबाई पडद्याआडून म्हणाल्या.

दोन दिवसांत ह्यांनी केकचे फोटो काढले, त्यात घातले आणि लिंक बेकरीवाल्याला पाठवून दिली. त्याने ती गिऱ्हाइकांना दिली. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं.

पण त्याच सुमारास मी बाळाला शिजवलेला पालक भरवायला सुरुवात केली होती. शुक्रवारी सकाळी लंगोट सोडला, तर आत हिरवंगार! आमच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर म्हणाल्या, "घाबरू नका. आधी फोटो पाठवा." मी लंगोट खिडकीपाशी पसरला, खाली पांढरं कापड घातलं, उजेड डाव्या अंगाने घेतला. (शेवटी फोटोग्राफरची बायको आहे.) आणि फोटो काढून त्याच सॉफ्टवेअरमध्ये घातला, लिंक बाईंना पाठवून दिली. लिहिलं, 'पहिला फोटो बघा. रंगाची काळजी वाटते.'

लिंक घरात एकच होती. पण फोटो बाळाचा म्हणजे लिंकही बाळाची, असं मी धरून चालले.

थोड्या वेळाने बाईंचा फोन. आवाज नेहमीपेक्षा हळू.

"बाळ कसं आहे?"

"खेळतंय."

"हे होताना रडलं नाही?"

"नाही हो. हसत होतं."

"हसत होतं!" पलीकडे खुर्ची सरकली. "वर लाल गोळे कसले आहेत? मणी वगैरे गिळले का त्याने?"

"लाल? मला तर लाल काही दिसलं नाही!"

"आणि कडेने पांढरी नक्षी?"

"नक्षी?"

"अगदी एकसारखी आहे. हे बघा, मला फोनवर नीट दिसत नाहीये. बाळाला घेऊन आधी इकडे या."

मी बाळ उचललं, सासूबाईंनी पिशवी उचलली. वाटेत मी रडले किती आणि बाळाला विचारलं किती, "कुठले मणी रे, राजा?" बाळ माझं नाक ओढत होतं.

दवाखान्यात बाईंनी फोटो मोठ्या स्क्रीनवर लावला. मी डोळे मिटून घेतले. सासूबाईंनी नाही मिटले.

"अगं बाई! हा तर चॉकलेटचा केक! वर चेरी, कडेने क्रीम! फोटो काढून झाल्यावर मीच नाही का संपवला..." आणि त्यांनी जीभ चावली.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला. मग शांतपणे म्हणाल्या, "बाळाला पालकानेच हिरवं झालं असेल, त्याला काही झालेलं नाही. आजी, तुमचं साखरेचं पथ्य आहे ना? तुम्ही बसा इथे."

माझा जीव भांड्यात पडला, पण टेकला नाही. केक जर डॉक्टरांच्या लिंकवर आला असेल, तर डॉक्टरांचं जे होतं ते...

मी बाळाला काखोटीला मारलं आणि बेकरीकडे धावले.

हे काउंटरसमोर उभे. दोन्ही कान लाल. बेकरीवाल्याचे हात कोपरापर्यंत पिठात, आणि समोर फोन. त्यावर माझा फोटो! सॉफ्टवेअरने तो ओळखून खाण्याच्या पदार्थांत लावला होता. नुसता लावला नव्हता, लंगोटाच्या कडा कापल्या होत्या आणि वर तुकतुकी आणली होती.

"या वहिनी," बेकरीवाला म्हणाला. "हा हिरवा कुठला, ते तुम्ही तरी सांगा. फोटोवाले नुसता घाम पुसतायत. माझ्या भट्टीत असा माल नाही आणि सकाळपासून सात जणांनी मागितलाय!"

"नमुना आहे," हे पुटपुटले.

"घरी केलाय? मग जरा चाखायला आणा की."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. वर्षभराचं काम त्या नजरेत उभं होतं. पण चाखायला म्हटल्यावर माझ्याने राहवेना.

"दादा, ते आमच्या बाळाचं आहे."

"असं होय! बाळासाठी केलाय?"

"बाळासाठी नाही हो. बाळाने."

बेकरीवाल्याने फोटोकडे बघितलं. बाळाकडे बघितलं. पुन्हा फोटोकडे. मग तो मैद्याच्या पोत्यावर बसला आणि असा हसला, की सगळ्या दुकानात पीठ उडालं. आत भट्टीत काहीतरी करपल्याचा वास आला, तरी हसत होता.

"फोटोवाले," डोळे पुसत तो म्हणाला, "जे माझ्याकडे नाही ते तुम्ही सात जणांच्या गळ्यात मारलंत. जे आहे ते किती खपवाल! वर्षाचं काम तुमचं. फक्त तेवढा हिरवा आधी काढा. मी आज खराच करतो."

संध्याकाळी हिरवा केक झाला, ह्यांनी त्याचा फोटो काढला. गिऱ्हाइकं अजून म्हणतात, पहिला फोटो जास्त छान होता. जन्मात माझ्या एका फोटोचं कौतुक झालं, आणि तो मी काढला हे कुणाला सांगायची सोय नाही.

आता आम्ही लिंका दोन केल्यात, एक बेकरीची, एक बाळाची. परवा बेकरीवाल्याने प्रेमाने हिरवा केक घरी पाठवला. मी कौतुकाने खिडकीपाशी ठेवून फोटो काढला. सॉफ्टवेअरने तो तपासला, विचार केला आणि बाळाच्या लिंकवर लावला. (हिरवं दिसलं की बाळाचं, एवढं ते आता शिकलंय.) तासाभराने डॉक्टरीणबाईंचा निरोप: 'अजून हिरवंच आहे. पालक थोडा कमी करा.'

तर तुमच्या ओळखीत कुणी स्वस्तातलं सॉफ्टवेअर शोधत असेल, तर त्यांना एवढं जरूर कळवा: सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, पण लिंक पाठवायच्या आधी आपण स्वतः एकदा उघडून बघा. कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर माझं नको, सासूबाईंचं नाव सांगा.