रिंग येतेय, उचला कुणीतरी

एका 'हॅलो'वर माणूस ओळखावा तर हॅलोकाकांनीच, त्या बाबतीत त्यांचा हात धरणारा कुणी नाही. असं त्यांचं स्वतःचं मत होतं, आणि दुसरं मत द्यायला घरात कुणी नव्हतं.

एका मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. पलीकडचा माणूस नुसता खोकला तरी काका "देतो हं, तिसरा मजला" म्हणून लाईन जोडून मोकळे व्हायचे. निवृत्त झाले, पाठोपाठ काकू गेल्या, एकुलता एक मुलगा नोकरीसाठी परगावी. त्याचा फोन दर रविवारी यायचा, पण कसा? "बाबा, बरे आहात ना? गोळ्या घेता ना? बरं, ठेवतो मग, चारला आमची मॅच असते." मॅच कसली, तर कॉम्प्युटरवरची. "त्यात माझं नाव कोल्हा," एवढं एकदा तो बोलून गेला होता. एकूण वेळ सत्तेचाळीस सेकंद. सेकंद मोजायची काकांची जुनी खोड, ती काही सुटली नव्हती.

इकडे काकांच्या पोटात सहा महिन्यांचं बोलणं साठलेलं. मोरीचा नळ गळत होता, गुडघा कुरकुरत होता, शेजाऱ्यांनी घर बदललं होतं, आणि आणखी एक गोष्ट होती, ती जरा सवडीने सांगायची होती. शेवटी काकांनी बेत केला. पोरगा फोनवर सापडत नाही ना, मग असतो तिथेच जाऊन गाठायचा. भर मॅचमध्ये फोन ठेवून जाईल कुठे?

गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मुलाचं जुनं यंत्र चालू करून दिलं, कानावर हेडफोन चढवला आणि खेळ समजावला. "तिघांची टीम असते, काका. विमानातून बेटावर उडी मारायची, सापडेल ती बंदूक उचलायची, आणि आपल्या दोन साथीदारांना सोडून कुठे जायचं नाही. सगळ्यात शेवटी जी टीम उरेल ती जिंकली. आणि हो, रिंग आली की पळायचं."

"रिंग आली की पळायचं, हे मला सांगता?" काका हसले. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं.

मग नायक निवडायची वेळ आली. कुणी आग ओकणारा, कुणी अदृश्य होणारी, तर एक होता तारवाला. तो लांबलचक तार फेकून आपल्या साथीदाराला जवळ ओढून घ्यायचा. काकांनी बाकीच्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

रविवारी चारच्या ठोक्याला काका खेळात उतरले. टीमच्या यादीत तीन नावं होती: मिरची, कोल्हा आणि ते स्वतः. पहिल्याच झटक्यात पोरगा सापडला म्हणून काकांना भलताच आनंद झाला.

"हॅलो," कोल्हा म्हणाला.

काकांनी डोळे मिटले. तोच. जरा बसलेला, पण आवाज तोच.

"सर्दी झालीय तुला. जेवलास का?"

पलीकडची बटणांची खटखट थांबली. मग, "नाही. म्हणजे, अजून नाही."

"अरे, चार वाजले. पोटाचे हाल करून घेऊ नकोस."

"हे कोण बोलतंय?" मिरचीने विचारलं. आवाज नावाला साजेसा होता.

"मी याचा बाबा."

"वडिलांना घेऊन आलास खेळायला?" मिरची म्हणाली. कोल्ह्याने नुसतं नाक ओढलं.

उडी कधी मारायची हे ठरवणारं बटण नेमकं काकांच्या हाती आलेलं. पण काका नळापाशी पोचले होते. नळ कधी गळायला लागला, प्लंबर दोनदा येतो म्हणून कसा आला नाही, हे सांगून होईस्तोवर विमानाने सगळं बेट ओलांडलं आणि तिघेही अगदी टोकाच्या खडकांवर जाऊन आदळले. तिथे एकुलती एक बंदूक होती. ती मिरचीने उचलली, आणि ती आपल्याच टीमच्या माणसावर रोखता येत नाही हे काकांचं नशीब.

दहा मिनिटं तिघे चालत होते. काकांनी गुडघा सांगितला, शेजारी सांगितले. कोल्हा मधून मधून "हं, मग?" म्हणायचा. एवढं नीट ऐकून घेणारा मुलगा काकांनी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. त्यांना वाटलं, उगाच आपण त्याला नावं ठेवली.

तेवढ्यात मिरची ओरडली, "रिंग आली! पळा!"

काका पळाले. मागे, एका पडक्या कचेरीत. टेबलाखाली बघितलं, कपाटामागे बघितलं. चहूबाजूंनी सगळं लाल व्हायला लागलं होतं.

"काका, कुठे चाललात? रिंग आली ना!"

"तेच शोधतोय. कुणी उचलत का नाही ती?"

"उचलायची नसते! रिंग म्हणजे आगीचं कडं आहे, ते आत आत सरकतं!"

"मग कडं म्हणा ना, बाई," असं म्हणून काका कोसळले.

"सोड त्यांना," मिरची म्हणाली. पण कोल्हा आगीतून मागे आला, काकांना उठवून उभं केलं आणि बाहेर काढलं. काका मनात म्हणाले, रक्ताचं नातं शेवटी रक्ताचं.

त्यानंतर कशी कोण जाणे, पण त्यांची टीम टिकली. आता समोर एकच टीम उरली होती. मिरची आणि कोल्हा एका गच्चीवर दबा धरून बसले. काकांना खाली भिंतीआड लपवून ठेवलेलं.

"काहीही करू नका, काका," मिरची म्हणाली. "हात मांडीवर ठेवा."

पण काकांची ती एक गोष्ट सांगायची राहिली होती, आणि मॅच संपत आलेली. अशी गोष्ट काय लांबून सांगतात? त्यांनी तार फेकली. जिंकता जिंकता कोल्हा गच्चीवरून ओढला गेला तो थेट त्यांच्यापुढे, शत्रूच्या ऐन तोंडावर.

"तुझ्या आईचं शिलाई मशीन," काका घाईघाईने म्हणाले, "मी विकायला काढलं होतं. माणूस बघायला आला, तर त्याला बिघडलंय म्हणून सांगितलं. बिघडलेलं नाहीये रे."

गोळ्या सुटल्या. कोल्हा आडवा, काका आडवे, पाठोपाठ मिरचीही. जाता जाता मिरचीने जे शब्द वापरले, ते काकांनी एकतीस वर्षांत कुठल्याच लाईनवर ऐकले नव्हते.

कोल्हा मात्र गेला नाही. "काका," तो म्हणाला, "मी तुमचा मुलगा नाही."

काकांनी हेडफोन कानावर घट्ट दाबला.

"सुरुवातीलाच सांगणार होतो. पण तुम्ही जेवलास का विचारलंत, मग राहून गेलं. तो नळ आहे ना, नुसता वॉशर बदला, प्लंबर नको. आणि मशीन विकू नका." मग तोही गेला.

काका हेडफोन काढून बसले. आयुष्यात पहिला राँग नंबर लागला, आणि तोही पोटच्या मुलाचा. कान गेले नव्हते. सत्तेचाळीस सेकंदांत आवाज किती लक्षात राहणार?

त्यांनी मुलाला फोन लावला. "अरे, तुला शोधायला त्या मॅचमध्ये गेलो होतो. तिथे कोल्हा होता, पण तू नव्हतास."

"मी? बाबा, मी ते सोडून वर्ष झालं."

"मग रविवारी चारला..." काका तिथेच थांबले.

पलीकडे शांतता पसरली. काकांनी बोर्डावर नाना तऱ्हेच्या शांतता ऐकल्या होत्या. ही त्यांनी लगेच ओळखली, आणि ओळखली नसती तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं.

"बाबा," मुलाचा आवाज बदलला होता. "चुकलं माझं. बोला ना तुम्ही. आज मला कुठेही जायचं नाहीये. हवं तेवढं बोला."

काका खुर्चीत सरसावून बसले. नळ? सांगून झाला होता. गुडघा, शेजारी, तेही झालं होतं. मशीनचं तोंडाशी आलं, पण ते एकदा सांगतानाच जीव गोळा करावा लागला होता, पुन्हा कुठून आणणार?

"बोला ना, बाबा."

"नाही रे," काका म्हणाले, "विशेष काही नाही."