आठ मिनिटं, बिनसंवादाची

इस्माईलभाईंना कोणाचं साधं चालणं बघवत नाही. समोरचा निघाला की हे पुटपुटतात, "पाच, सहा, सात, आठ." इथे आखातात, रास अल खोरला ते कांद्याचं गोदाम सांभाळतात. तिथले फोर्कलिफ्टसुद्धा तालावर वळतात. एकदा एकाने अशी गिरकी घेतली, की पोती आपण होऊन रांगेत उभी राहिली. शपथेवर सांगतो. शपथ थोडी फुगलेली असेल, पोती खरी.

आमच्या मंडळींनी संगीत नाटक काढलं. नवरा आखातात, बायको कोकणात. लिहिलं मी, नाच इस्माईलभाईंचे. पहिल्याच तालमीला त्यांनी माझ्या वहीची अकरा पानं दुमडली.

"राइटरसाब, हे खलास."

"अहो, बायकोचं स्वप्न आहे ते! दोघं किती बोलतात!"

"स्वप्नात कोण एवढं बोलतं? आठ मिनिटं नाच, शब्द नाही. लोक उठले तर मी पुन्हा पाय उचलणार नाही. यल्ला, चला!"

नायिका शर्वरी, एरवी बँकेत बसणारी. कमरेवर कळशी घेऊन विहिरीच्या पायऱ्या कशा चढायच्या, हे त्यांनी तिला दोन महिने शिकवलं. शेवटी पोरगी जमिनीपासून चार बोटं वर चालायला लागली. मी मोजलीत.

प्रयोगाला निळा उजेड पडला, ती तरंगत वर आली आणि सगळं थिएटर खोकायचं विसरलं. "मम्मा, आय ॲम बोअर्ड" म्हणणारं पोर तोंड उघडं टाकून बसलं. कोणी उठलं नाही. माझे डोळे ओले झाले ते एसीमुळे.

मी विंगेत इस्माईलभाईंचा फोन धरून उभा होतो. व्हिडिओ कॉलवर दापोलीहून सकीनाभाभी, त्यांच्या पत्नी, बघत होत्या. पडदा पडताच इस्माईलभाईंनी माझ्या हातातून फोन ओढला.

"ओळखलंस?"

"ओळखलं ना, माझंच चालणं," भाभी हसल्या. "पण अशी मी निकाहाच्या वर्षी चालायची. आता गुडघा कुठे वाकतो?"

"कधीपासून?"

"झाली की चार वर्षं. तुम्ही येता तो महिना तेवढी नीट चालते."

टाळ्या चालूच होत्या.

दुसऱ्या प्रयोगाआधी त्यांनी शर्वरीला बोलावलं. "पायऱ्या चढताना गुडघ्यावर हात ठेव. मध्ये थांब."

"अंकल, स्वप्नात ती म्हातारी दिसेल!"

"दिसू दे."

मग नाचातल्या नवऱ्याची जागाही बदलली. तो आता वर उभा राहून वाट बघत नाही. पायऱ्या उतरतो आणि तिच्या कमरेवरची कळशी आपल्याकडे घेतो.