कंसातलं वाचू नये

महाविद्यालयातल्या मुलांना विनोदी अभिनय शिकवायला दहा वाजता पोचायचं होतं आणि सात वाजता ताईंच्या लक्षात आलं की आपल्याला आवाजच नाही. ओठ हलले, पण बाहेर आली ती नुसती हवा. तीस वर्षं नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचलेला आवाज आज स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीतही जाईना. नवऱ्याने डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी बजावलं, "तीन दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

ताईंनी वहीत लिहिलं, 'कार्यशाळा होणार.' कार्यक्रम रद्द करणं त्यांना माहीतच नव्हतं. एकदा पाय प्लास्टरमध्ये असताना त्यांनी भुताचं काम केलं होतं आणि त्या नाटकातलं भूत पुढे कायमचं लंगडंच राहिलं.

"अगं, पण शिकवणार कशी?" नवऱ्याने विचारलं.

'मी लिहिते, तुम्ही वाचा.'

ताईंचा नवरा, म्हणजे सगळ्यांचे काका, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले मीटर तपासनीस. पस्तीस वर्षं त्यांनी मीटरवरचे आकडे मोठ्याने वाचले आणि सोबतच्या कारकुनाने ते लिहून घेतले. दिसेल तेच वाचायचं, पदरचं काही घालायचं नाही, अशी त्यांना सवय. ताईंनी रिक्षात बसल्या बसल्या चार पानं लिहिली. कुठे थांबायचं, कुठे मुलांकडे बघायचं, हे त्यांनी काकांसाठी कंसात घातलं.

हॉलमध्ये अठरा मुलंमुली जमिनीवर बसली होती. प्राध्यापक बाईंनी ओळख करून दिली आणि काका चष्मा लावून उभे राहिले.

"मुलांनो, विनोद म्हणजे वेडंवाकडं तोंड करणं नव्हे," त्यांनी एका सुरात वाचलं. "इथे थांबा. एक घोट पाणी प्या."

ते थांबले. बाटली शोधली, एक घोट प्यायले आणि झाकण घट्ट लावलं. मुलं एकमेकांकडे बघू लागली. ताईंनी घाईने एक चिठ्ठी खरडून पुढे सरकवली.

"अहो, कंसातलं वाचू नका," काकांनी वाचलं.

कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसरी चिठ्ठी आली.

"हेही वाचू नका. आणि शर्टाचं मधलं बटण उघडं आहे."

काकांनी खाली पाहिलं, शांतपणे बटण लावलं आणि पुढचं पान घेतलं. तोवर हॉलमध्ये कुणी कुणाच्या खांद्यावर पडलं होतं, कुणी डोळे पुसत होतं.

ताई मात्र चिठ्ठ्या लिहायच्या थांबल्या. विनोद करणाऱ्याने विनोद करायचा नसतो, हातातलं काम मन लावून करायचं असतं, हे त्या कितीतरी वर्षं कानीकपाळी ओरडून सांगत होत्या. आणि आज तो अख्खा धडा समोर उभा राहून बटण लावत होता. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'एकेकाने यांच्यासारखं वाचून दाखवा.'

मुलं पुढे येऊ लागली. एकाने भुवया उडवल्या. एक मुलगी प्रत्येक वाक्यानंतर, आलं का हसू, म्हणून समोर बघत राहिली. कुणी हसलं नाही. मग भोंगा उठला. माइकची गरज नसलेल्या आवाजामुळे त्याला सगळे भोंगाच म्हणत. त्याने पाठ वाकवली, हात थरथरवले, आवाज नाकातून काढला आणि कागद दोनदा पाडले. मागच्या चारपाच जणांनी टाळ्या पिटल्या.

काकांनी शेवटपर्यंत पाहिलं. मग आपली पानं टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या, म्हणाले, "मी बाहेर बसतो," आणि गेले.

'अहो' म्हणायला ताईंनी तोंड उघडलं. हवाच आली. त्या तशाच मागे धावल्या. वही आतच राहिली.

काका व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. "मला वाटत होतं, मी तुझं नीट वाचतोय," ते म्हणाले. "पोरं माझ्यावरच हसत होती, होय ना?"

आता याला उत्तर कसं द्यायचं? ताई दोन पावलं मागे गेल्या आणि वळल्या, त्या काका होऊनच. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एकदा त्या काकांबरोबर मीटर वाचायच्या फेरीला गेल्या होत्या. तेच सगळं त्यांनी केलं. फाटक उघडून पुन्हा कडी लावली. खिशातून फडकं काढून मीटरची काच पुसली. मान तिरकी करून आकडा वाचला, पुन्हा वाचला, चुकायला नको म्हणून तिसऱ्यांदा वाचला. आणि मग मीटरचं लोखंडी झाकण दोन्ही हातांनी अलगद मिटलं, कारण घरात कुणाचं तरी तान्हं झोपलेलं असायचं.

दारात मुलं जमली होती. तिसऱ्यांदा आकडा वाचताना ती हसली होती, पण हळूच. झाकण मिटलं तेव्हा सगळी गप्प झाली.

काकांनी सगळं बारकाईने पाहिलं आणि म्हणाले, "फडकं डाव्या खिशात असायचं."

ताईंनी नसलेलं फडकं उजव्या खिशात ठेवलं आणि डाव्या खिशातून काढलं. मुलांना आवरेना. काका त्यांच्याकडे वळले. "यात हसण्यासारखं काय आहे? डाव्याच खिशात असायचं."

भोंगा पुढे आला. "काका, चुकलं माझं."

"चुकलंच. माझे हात थरथरत नाहीत. तू मला बघितलंच नाहीस. अंदाजे आकडा टाकलास. आमच्या खात्यात अंदाजे आकडा टाकणाऱ्याची बदली व्हायची."

ताई आत पळाल्या आणि 'तू मला बघितलंच नाहीस. अंदाजे आकडा टाकलास,' हे फळ्यावर जसंच्या तसं लिहून काढलं. तीस वर्षांत त्यांना ते इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं.

दुपारभर काकांनी मुलांना बघायला शिकवलं. भोंगा अर्धा तास त्यांच्यासमोर नुसता बसून होता. मग त्याने ग्रंथालयाची सूचना वाचली, सरळ, हात स्थिर ठेवून. हॉल हसून लोटपोट झाला. लोक कशाला हसतायत, हे भोंग्याला अजिबात कळलं नाही. ताईंनी त्याची पाठ थोपटली.

चौथ्या दिवशी ताईंचा आवाज परत आला. पाचव्या दिवशी प्राध्यापक बाईंचा फोन आला, तो काकांनी घेतला.

"काका, मुलांना अजून एक दिवस हवाय. ताईंचा घसा अजून बसलेलाच असेल, नाही का? म्हणजे वाचायला तुम्हीच याल?"

ताई दारातून जोरजोराने खुणा करू लागल्या. काकांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"ती दारात उभी आहे," त्यांनी फोनमध्ये सांगितलं. "गळ्याला हात लावून मान हलवतेय. घसा बसलाय असं मी सांगावं, असा अर्थ दिसतो. पण घसा उत्तम आहे. सकाळपासून बोलतेच आहे."

काकांनी फोनवर हात ठेवला.

"बाई हसतायत. माझं काही चुकलं का?"

"छे," ताई म्हणाल्या, "अगदी बरोबर वाचलंत."