आर्लीनचा चौथा तुकडा

"हे काय आणलंयस?" कॉफीचा मग हातातच धरून लेलंडने विचारलं.

"दिसत नाही का, दादा? धनुष्य आहे."

"ते दिसतंय गं. पण उद्यापासून हरणांवर रायफलचा मोसम. धनुष्यवाले आपापली हौस भागवून कधीच घरी गेले."

"रायफलच्या मोसमात धनुष्य चालतं. नियमांचं पुस्तक वाचलंय मी. फक्त नारिंगी कोट घालावा लागतो."

एवढं बोलून आर्लीनने ते जुनं, कुणीतरी वापरलेलं धनुष्य जेवणाच्या टेबलावर, थँक्सगिव्हिंग सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीशेजारी ठेवलं. चोपन्न वर्षांची ही बाई. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली. पेनसिल्व्हेनियाच्या बर्फात साठ पोरांना गप्प बसवून डोंगर चढवणारी. ती काय भावाला भिणार! पण त्या संध्याकाळी समोरच्या भिंतीकडे बघायचं ती टाळत होती, हे खरं. कारण तिथे तिच्या शर्टांचे तीन तुकडे लटकत होते.

ह्राबोव्स्की कुटुंबाच्या या कॅम्पची, डोंगरातल्या शिकारीच्या केबिनची, रीतच होती तशी. हरणावर बार काढून कुणी चुकला, की बाकीचे त्याला खुर्चीत पालथा घालून शर्टाचा मागचा तुकडा कात्रीने कापत, त्यावर नाव आणि साल लिहीत आणि भिंतीला खिळा ठोकत. आतेभाऊ ड्यूईचे अकरा तुकडे होते. लेलंडचा एकही नव्हता. आणि गेल्या वर्षी, आर्लीनचा तिसरा तुकडा ठोकताना, लेलंडने नवाच कायदा काढला होता.

"लक्षात आहे ना?" तो आता म्हणाला. "चौथा लागला की शिकार बंद. मग मोसमभर चुलीपाशी. आमच्या नाश्त्याचे हाल होतात."

"ड्यूईचे अकरा आहेत! त्याला का नाही बसवत चुलीपाशी?"

"ड्यूईला स्वयंपाक येत नाही."

"खरंच येत नाही गं," ड्यूई टर्कीची तंगडी चावत म्हणाला.

"आणि म्हणून तू हे खेळणं आणलंस!" लेलंड हसला. "आवाज नाही, धूर नाही, चुकलं तरी कुणाला कळायला नको. बायकांची युक्ती!"

आर्लीनची कानशिलं तापली. "मला बाबांनी बाराव्या वर्षी या डोंगरावर आणलंय, दादा. तू तेव्हा गोवर येऊन घरी पडला होतास. मी चुलीपाशी बसणार नाही. चार लागू देत नाहीतर चाळीस."

धनुष्य घेण्याचं खरं कारण वेगळंच होतं आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. केबिनच्या मागे सफरचंदाचं एक रानटी झाड होतं. पडलेली फळं खायला हरणं तिथे हमखास येत. पण केबिनपासून दीडशे पावलांच्या आत बंदूक चालवायची नाही, असा बाबांचा दंडक होता. एका मामाने धुराड्याचं नळकांडं उडवल्यापासूनचा. बाणाबद्दल मात्र बाबा काही बोलले नव्हते.

शनिवारी उजाडायच्या आत लेलंड वरच्या धारेकडे निघाला. दुपारचे बारा वाजल्याशिवाय तो तिथून कधी उतरत नसे. गेली बावीस वर्षं हेच. "लहानसहान हरणं मी सोडून देतो," असं तो सांगे. "माझी पसंती मोठी आहे." ड्यूई खाली ओढ्याकडे गेला. आर्लीन सफरचंदाच्या शेजारच्या ओकवर, मचाणात जाऊन बसली.

सगळा उन्हाळा तिने परसात भोपळ्यांवर नेम धरला होता. पन्नासातले पंचेचाळीस बाण लागायचे. पण तो सराव होता अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. मचाणात बसून तिने एकदा सहज दोरी ओढून पाहिली, तर कोटाची फुगीर बाही मध्येच येत होती. बाण सोडला असता तर दोरी बाहीवर आपटून तो कुठेही गेला असता. अगं बाई गं! एवढ्या महिन्यांत कोट घालून एकदाही ओढून पाहायचं सुचलं नाही! कोट काढावा तर कायद्याने नारिंगी अंगावर हवंच. शेवटी तिने ठरवलं, बाही आवळून बांधायची. दोरी कुठली? बुटाची नाडी.

तिने नाडी ओढून काढली, दातांनी गाठ मारून बाही करकचून बांधली, आणि सैल झालेला बूट पायातून निसटून खाली गेला. धप्प!

नेमका त्याच वेळी तो आला. आठ टोकांच्या शिंगांचा, भरल्या मानेचा नर. असा तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तो थबकला, मग चालत बुटापाशी आला आणि बुटात नाक घालून वास घेऊ लागला. आर्लीनचा मोज्यातला पाय गारठला होता. तिने दोरी ओढली. श्वास रोखला. सोडली.

बाण त्याच्या पाठीवरून चार बोटं वर गेला आणि पलीकडच्या लाकडी संडासाच्या दारात खाडकन रुतला.

"मेलो!" संडास ओरडला.

दार उघडलं. आत छोटी गॅसची शेगडी पेटलेली, बसायला मऊ उशी, रेडिओवर हळू आवाजात फुटबॉलच्या गप्पा. आणि दारात लेलंड, एका हाताने पँट सावरत, दुसऱ्या हातात रायफल. समोर आठ टोकांचा नर. लेलंड सगळं विसरला. रायफल धरायला दोन हात लागतात, त्यामुळे पँटचा विषय तिथेच संपला. धाड! धाड! धाड!

नर आरामात उडी मारून रानात गेला.

मग भाऊबहिणीची नजरानजर झाली. ती झाडावर एका बुटात, तो खाली घोट्याशी पँट घेऊन.

"दादा," आर्लीन म्हणाली, "तू धारेवर होतास ना?"

"थंडी फार होती."

"बावीस वर्षं थंडीच होती?"

लेलंडने पँट वर ओढली. त्याचा चेहरा कोटापेक्षा लाल झाला होता. "हे बघ," तो हळूच म्हणाला. "तुझा बाण कुणी ऐकला नाही. मी बाण बघितला नाही, तू मला बघितलं नाहीस. बाण काढून टाक दारातून. तुझे तीनच राहतील, चूल नको, काही नको. मी म्हणेन, कोल्ह्यावर बार काढले."

सौदा चांगला होता. चार पावलं उतरायचं, बाण उपटायचा, बस्स. पण त्याचा तो हळू आवाज ऐकून आर्लीनचं डोकंच फिरलं. तीन वर्षं मान खाली घालून तिने शर्ट कापून घेतले होते, आणि हा उशीवर बसून फुटबॉल ऐकत होता!

"नाही काढणार," ती म्हणाली.

तेवढ्यात ड्यूई धापा टाकत आला. तीन बार ऐकल्यावर तो कात्री घेऊनच निघाला होता. "कुणाचा चुकला? कुणाचा?"

"माझा," आर्लीन मचाणातून ओरडली. "तो बघ दारात बाण. चौथा तुकडा माझा, काप खुशाल! आणि दादाचे तीन बार गेले, संडासाच्या दारातून. बाबांचा दंडक मोडून."

"लेलंडचे?" ड्यूईच्या हातातली कात्री खाली आली. "पण लेलंड तर कधी चुकत नाही."

"चुकेल कसा? बावीस वर्षांत बार कुठे काढलाय त्याने! तिथे बसून राहिलं की शर्ट शाबूतच राहतो."

लेलंडने रायफल दाराला टेकवून ठेवली. मग म्हणाला, "धारेवर बसलो त्या पहिल्याच वर्षी, बावीस वर्षांपूर्वी, एक मोठा नर समोर आला होता, बाबा शेजारी बसले होते. माझे हात कापायला लागले, बार निघालाच नाही. बाबा काही बोलले नाहीत. पण मी पुन्हा धारेवर बसलोच नाही."

आर्लीनला त्याची कीव आली. पण एवढी नाही, की ती गप्प बसेल.

"माझे हात आत्ता कापत होते, दादा. गेली तीन वर्षंही कापत होते. मी बार काढले, चुकले, आणि भिंतीवर लागले. फिरव पाठ."

त्या दिवशी भिंतीवर दोन तुकडे चढले. लेलंडच्या तुकड्यावर ड्यूईने नाव लिहिलं तेव्हा लेलंडने स्वतः हातोडी मागून घेतली आणि खिळा ठोकला. 

रविवारी पहाटे आर्लीन बुटाला नवी नाडी ओवत होती. बाही तिने घट्ट शिवून घेतली होती. लेलंड घुटमळत जवळ आला.

"चौथा लागला गं तुझा," तो म्हणाला. पण आवाजात कालचा जोर नव्हता.

"लागला. आणि मी निघाले. अडवतोस?"

तो बाजूला झाला. मग खाकरून म्हणाला, "ते धनुष्य... शिकायला किती दिवस लागतात?"

आर्लीनने धनुष्य खांद्याला लावलं आणि दार उघडलं.

"अख्खा उन्हाळा लागतो," ती म्हणाली. "शिकवीन मी. पण आठला परत येते, तेव्हा खिम्याच्या स्क्रॅपल वड्या तू तळलेल्या हव्यात, कुरकुरीत. आणि ड्यूईला शेजारी उभा कर. त्यालाही एकदाचं येऊ दे."