नाना शेलारांची चौथी पायरी

आमच्या वाचनालयाच्या जीपला दोन ब्रेक होते. एक कंपनीने बसवलेला, माझ्या पायाशी. दुसरा नाना शेलारांनी बाभळीच्या फळीचा करून आपल्या पायाशी ठोकलेला. तो कशालाही जोडलेला नव्हता. समोर म्हैस आली की नाना तो सगळा जोर लावून दाबत, आणि जीप थांबली की माझ्याकडे वळून म्हणत, "थांबली बगा."

नाना गेले त्याला पंधरा दिवस झाले. भिंगारला ते आमचे शेजारी. लष्करी लॉऱ्या चालवून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी, बहात्तरच्या दुष्काळात, आमचा ड्रायव्हर नोकरी सोडून गेला आणि गावोगावी पुस्तकं न्यायला मीच, म्हणजे ग्रंथपालाने, गाडी शिकावी असं समितीने ठरवलं. मी नानांकडे गेलो.

सरकारी रीत सोपी होती. आधी शिकाऊ लायसन, गाडीला पुढेमागे लाल 'एल'. मग मैदानात आठाचा आकडा काढून दाखवला की पक्कं लायसन. नानांच्या मात्र चार पायऱ्या होत्या. पहिलीत रिकामी गाडी. दुसरीत पुस्तकांची खोकी. "पुस्तक आपटलं तर रडत न्हाई," हे कारण. तिसरीत परकी माणसं. आणि अगदी शेवटी घरचं माणूस.

"घरचं शेवटी का, नाना?"

"परकं मानूस आरडतं, उतरून जातं. घरचं मानूस तुमच्या भरवशावर गप बसतं. लई अवघड असतंय ते."

चूक झाली तर आपणहून सांगायची आणि एक पायरी खाली यायचं. खोकी नेताना मी एकदा कुंपणाला घासलो, तर पंधरा दिवस पुन्हा रिकामी गाडी. पक्कं लायसन मिळालं तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. नानांनी पेढा खाल्ला, लायसन उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं.

"सरकारनं दिलंय. म्या न्हाई दिलं."

हे वाक्य पुढे बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी झालं, कारण मीच त्याची नक्कल करून दाखवत असे. मला ती चांगली जमे. आज ते लिहिताना बरं वाटत नाही.

मी तिसऱ्या पायरीवर असताना नाना दोन दिवस गावाला गेले. मी सुमतीला, माझ्या पत्नीला, जीपमध्ये बसवलं आणि तिच्या माहेरी निघालो.

"नानांनी दिलं का?" तिने विचारलं.

"सरकारने दिलंय."

रस्त्याकडेला दुष्काळी कामाच्या खडीचे ढीग होते. सुमती एक शब्द बोलत नव्हती. घाबरली की काय, म्हणून मी वळून तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि जीप ढिगावर चढली. तिचं कपाळ काचेवर आपटलं. तीन टाके पडले.

नानांना आम्ही सांगितलं, मोरीत घसरली. आम्ही म्हणजे मी. ती नुसती शेजारी उभी होती. नाना टाक्यांकडे बराच वेळ पाहत राहिले.

"मोरी घासून घ्या, मास्तर," ते म्हणाले. जीपचा बंपर मी आधीच ठोकून आणला होता.

पुढच्या महिन्यात नानींच्या, म्हणजे नानांच्या बायकोच्या, डोळ्याचं ऑपरेशन नगरला झालं. टांग्याचा हिसका बसता कामा नये, असं डॉक्टर म्हणाले. नाना माझ्या दारात आले. टोपी हातात होती.

"मास्तर, तुमची चवथी पायरी. नानीला घरी आनायचं हाय."

"तुम्हीच चालवा ना. मी मागे बसतो."

"न्हाई. तुमीच."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी किल्ली घेतली.

दवाखान्याच्या फाटकाशी नाना औषधाची चिठ्ठी आणायला आत गेले. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या नानी माझ्या शेजारी बसल्या होत्या.

"सुमतीचं कपाळ कसं हाय?"

"बरं आहे. मोरीत जरा..."

"ऱ्हाऊ द्या. खडी फोडनाऱ्या बायांत माजी भाची हुती. तिनं सांगितलं समदं."

"नानांना?"

"त्यास्नीच तर सांगितलं."

मी स्टिअरिंग धरून बसलो. "मग माझ्याकडे कशाला आले?"

"म्या बी तेच पुसलं. म्हनले, त्यानं घरच्या मानसाचं रगत बघितलंय, आता तो हळू चालवील." नानींनी पदर सारखा केला. "ह्यांचा बी हात चुकला हुता. लगीन नवं हुतं, मी पोटुशी हुते, गाडीत शेजारी बसलेली. त्ये पोर ऱ्हायलं न्हाई. तवापासून मला बसवून कदी गाडी चालवली न्हाई. हात कापत्यात म्हनले."

नाना आले. मागे बसून त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि नानींचं डोकं धरलं. मैलभर गेल्यावर मी बोललो.

"नाना, मला एक सांगायचं आहे."

"गाडी चालवताना न्हाई. घरी गेल्यावर सांगा. आता म्होरं बगा."

घरी पोचलो. त्यांनी नानींना धरून आत नेलं आणि लगेच परत येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"जीप वाचनालयात लावून येतो," मी म्हणालो.

"या."

मी मुद्दाम उशीर लावून, पायी परतलो. दिवेलागण झाली होती. नाना ओट्यावर बसून होते. मला पाहून उठले, मी सांगेन म्हणून क्षणभर थांबले.

"सुमतीवैनी जेवायच्या थांबल्यात, मास्तर. जावा," म्हणाले, आणि आत गेले.